थोरलीचा रंग

हुमनाबादच्या स्टँडवरच्या गाड्यावर बर्फाच्या चुऱ्यात केशरी-लाल सरबत ओतताना दिसलं, की मला बी.एस्सी.चं ते प्रॅक्टिकल आठवतं. अमाइन नावाचं रसायन कोणत्या प्रकारचं आहे हे ओळखायला बर्फ हवा होता, पण लॅबच्या फ्रिजात उद्घाटनाच्या पाहुण्यांचे हार ताजे राहत होते, म्हणून मी याच गाड्यावरून बर्फ नेला. प्रॅक्टिकलमधली माझी जोडीदारीण मंठाळ गावची. अमाइनच्या प्रायमरी, सेकंडरी, टर्शरी या तीन प्रकारांना ती थोरली, मधली, धाकटी म्हणायची. थंड द्रावणात तिनं नॅफ्थॉल टाकलं आणि नळी केशरी-लाल झाली. "थोरली हाय. मधली असती तर नुसतं पिवळं तेल आलं असतं," ती म्हणाली. घरात तीही थोरलीच, पाठीवर दोन बहिणी. "अप्पा उद्या न्यायला यायलेत. सोयरीक ठरली." "आन् परीक्षा?" "ती धाकटी देईल की." मग नळीवरची नजर काढून तिनं विचारलं, "तू कामून विचारायलास?" मी म्हणालो, "असंच." तिच्या अंगठ्याला लागलेला रंग साबणानं निघाला नव्हता, हळदीखाली तो झाकला गेला असेल. आताही मी गाड्यापाशी रेंगाळतो, तेव्हा गाडेवाला विचारतो, "अण्णा, कामून उभारलाव?" मी म्हणतो, "असंच."