पावणेचौदा तोळे पाऊस

लग्न होऊन मी रत्नागिरीच्या दक्षिणेला, पावसच्या वाटेवरच्या एका गावात आले, तेव्हा माझं शिक्षण मराठी चौथीपर्यंत झालं होतं आणि तोंड फटकळ म्हणून माहेरी प्रसिद्ध होतं. नवरा मुंबईत नोकरीला. तो गणपतीला आणि शिमग्याला यायचा. घरात मामंजी, सासूबाई आणि मी. मामंजी गावच्या शाळेचे मास्तर होते, तेव्हाच निवृत्त झाले होते. शाळा सुटली, पण पाऊस सुटला नव्हता. सरकारी पर्जन्यमापक आमच्या घरापुढच्या खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, कडेला होता. रोज सकाळी आठ वाजता त्यातलं पाणी मोजायचं आणि आकडा कार्डावर लिहून रत्नागिरीच्या कचेरीला धाडायचा, हे काम त्यांच्याकडेच राहिलं होतं.

त्या यंत्राचं मला प्रथम हसू आलं. जमिनीत रोवलेलं एक नळकांडं, त्यावर पाच इंच तोंडाचं नरसाळं, आत बाटली. बाटलीतलं पाणी एका उभ्या काचेच्या मापात ओतायचं. मापावर बारीक रेघा. इंचाचे शंभर भाग केलेले, एकेका भागाला सेंट म्हणायचे. मापात एका वेळी अर्धाच इंच मावे, त्यामुळे झोडपून पाऊस लागला की माप भरायचं, रिकामं करायचं, पुन्हा भरायचं. सासूबाई म्हणत, "मोजलात म्हणून काय तो कमी पडणाराय? त्याला पडायचं तेवढा पडतोच."

पहिल्याच आषाढात एका सकाळी मामंजींनी माप डोळ्यांपाशी नेलं, दूर नेलं, पुन्हा जवळ आणलं आणि म्हणाले, "पस्तीस. पस्तीसच ना गो?"

प्रश्न सासूबाईंना होता. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्या तांदूळ निवडत होत्या, तिथूनच म्हणाल्या, "हो हो, पस्तीस."

मी शेणाचा गोळा हातात घेऊन मागे उभी होते. वाकून पाहिलं. मोठ्या चार रेघा आणि वर एक बारीक. "पस्तीस नाही मामंजी, एकेचाळीस," मी बोलून गेले.

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी भिंतीकडे तोंड फिरवलं. मामंजींनी कार्डावर एकेचाळीस लिहिलं. मोतीबिंदू आहे, हे साऱ्या घराला ठाऊक होतं आणि कुणीच त्यांना सांगत नव्हतं. डोळ्यांत काय दिसतंय असं त्यांनी विचारलं की सासूबाई म्हणायच्या, "काही नाही, धूळ गेली असेल." न्हावी म्हणायचा, डोळे कसे स्वच्छ आहेत. टपालवाला त्यांचं वाकडंतिकडं अक्षर पाहून म्हणायचा, मास्तर, मोत्यासारखं अक्षर. सगळ्यांचा हेतू चांगला होता आणि मामंजींना त्यातलं एकही वाक्य खरं वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून माप माझ्या हाती आलं. पण नुसतं वाचून भागणार नव्हतं. "समजल्याशिवाय वाचशील तर पोपट आणि तू सारखेच," ते म्हणाले आणि दुपारी ओटीवर पाटी घेऊन बसायला सांगितलं. त्यांना पाटीवरचं दिसत नसे. मी लिहायचं, मोठ्याने म्हणायचं, त्यांनी झोपाळ्यावरून ऐकायचं. सगळं गणित कानांनी.

पहिला दिवस मला अजून आठवतो. "शून्य दशांश पाच गुणिले शून्य दशांश पाच."

मी झटकन म्हटलं, "पाचा पाचा पंचवीस. एक घर सोडून ठिपका. दोन दशांश पाच."

"म्हणजे अडीच. अर्ध्या नारळाचा अर्धा भाग केलास आणि अडीच नारळ झाले. असा नारळ कुठे मिळतो तेवढं सांग, माडाची बागच लावतो."

मी ओशाळले. मग त्यांनी विचारलं, "निमकी येते?" निमकी, पावकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे मला माहेरी आजोबांनी घोटून घेतल्या होत्या. अर्ध्याचा निम्मा पाव, हे मी झोपेतही सांगितलं असतं. "पाव म्हणजे शंभरातले किती?" पंचवीस. "मग लिही." मी लिहिलं, ०.२५. या संख्येत ठिपक्यामागे एक घर, त्या संख्येत एक घर, गुणाकारात दोन घरं. आधी ठिपके विसरून गुणायचं, मग घरं मोजून ठिपका द्यायचा.

मी पाटीकडे पाहतच राहिले. चौथीपर्यंत मला गुणाकार म्हणजे वाढ एवढंच ठाऊक होतं. इथे गुणलं आणि कमी झालं. आणि गंमत म्हणजे हे मी लहानपणापासून निमकीत घोकत आले होते. तोंडाला येत होतं आणि डोक्याला पत्ता नव्हता.

भागाकाराने तर माझी झोप उडवली. तीनाला ०.२५ ने भागलं तर बारा. मी भांडले. "मामंजी, भाग पाडले की वाट्याला कमीच येतं. आमच्या घरी सहा भावंडं होती, मला विचारा."

ते मोठ्याने हसले. "वाटप करू नको. तीन भाकऱ्या आहेत, त्यांत पाव भाकरीचे तुकडे किती मावतात ते विचार." बारा. अगदी बारा. त्या दिवशी भाकऱ्या थापताना मी प्रत्येक भाकरी मनात चतकोर करून पाहत होते, आणि एक करपली.

श्रावण लागता लागता माप फुटलं. पाणी ओतून मामंजींनी ते हौसेने स्वतःच चिऱ्याच्या गडग्यावर, कडेच्या बुटक्या भिंतीवर, ठेवायला हात लांबवला, आणि गडगा होता त्याच्या चार बोटं अलीकडे सोडलं. सासूबाई धावल्या. "दगडच ओला होता, निसटलं." मामंजी काचा पडल्या त्या दिशेला बघत उभे राहिले. "दगड नव्हताच तिथे," ते म्हणाले.

नवीन माप कचेरीतून यायला दिवस लागणार होते. सासूबाई म्हणाल्या, "तोवर लिहा काहीतरी अंदाजाने. पावसाला कोण विचारतंय?" मामंजींचा चेहरा उतरला. आपल्याला दिसत नाही म्हणून पावसाचा आकडा खोटा पडावा, हे त्यांना सोसवणारं नव्हतं. कितीतरी वर्षं त्यांनी ते पाणी मोजलं होतं. कचेरीला कळलं असतं तर यंत्रही उचलून नेलं असतं, आणि मग सकाळी उठून त्यांनी करायचं काय?

दुपारी ते झोपाळ्यावर बसले आणि म्हणाले, "पाटी घे. काच नसली तर नसो, पाण्याला वजन आहे."

नरसाळ्याचं तोंड पाच इंच, म्हणजे मधोमधपासून कडेपर्यंत अडीच. अडीच अडीच सव्वासहा, ही अडीचकी. ६.२५. त्याला ३.१४१६ ने गुणायचं. ठिपके विसरून मी गुणत गेले, हातचे धरत, पुसत, पुन्हा मांडत, आणि उत्तर वाचलं तेव्हा माझाच आवाज कापला. "मामंजी, एक कोटी शहाण्णव लाख पस्तीस हजार."

"घाबरू नको. घरं मोज. तिथे दोन, इथे चार."

उजवीकडून सहा घरं मोजून ठिपका दिला. एकोणीस दशांश सहा तीन पाच. एका ठिपक्याने कोटीचे एकोणीस केले. तेवढे घन इंच पाणी म्हणजे एक इंच पाऊस. घन इंचभर पाण्याचं वजन सुमारे १.४ तोळे, हे त्यांना पाठ होतं. पुन्हा गुणाकार, पुन्हा घरं, २७.४८९. "साडेसत्तावीस धर," ते म्हणाले. साडेसत्तावीस तोळे पाणी भरलं की एक इंच पाऊस.

गावच्या वैद्यांकडून औषधं तोलायचा काटा आणि वजनं मागून आणली. दुसऱ्या सकाळी रिकाम्या तपेलीचं वजन वजा करून पाणी भरलं ६८.७५ तोळे. भागायला मी अडले, दोन्हीकडे ठिपके. मामंजी म्हणाले, "पाणीही दहापट धर आणि मापही दहापट. मापं तेवढीच भरतील." ठिपका दोन्हीकडे एक घर सरकला. ६८७.५ भागिले २७५. दोन इंच आणि उरलेल्यात बरोबर अर्धा.

अडीच इंच. मी खळ्यात उभी राहून सभोवार पाहिलं. कलमांची बाग, पाण्याने तुडुंब भरलेली भातखाचरं, देवळाची कौलं, पलीकडचा कातळ, सगळ्यांवर रात्रीतून अडीच इंच पाऊस उभा राहिला होता आणि तो मी स्वयंपाकाच्या तपेलीत तोलला होता. नरसाळं घागरीएवढं असो की वाटीएवढं, तोंडाला जितकं मिळतं तितकंच तळाला उतरतं, इंच तेवढेच. मला अक्षरशः भरून आलं. देवळात गेल्यावर होतं तसं झालं, हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण सासूबाईंनी हात जोडले असते आणि वर चेष्टा केली असती.

रोज आम्ही तोलत होतो, भागत होतो, कार्डं जात होती. पण मामंजींचं मन निवांत नव्हतं. सगळं माझ्या डोळ्यांवर चाललं होतं. काट्याचा काटा सरळ आहे का, असं ते दोनदोनदा विचारत. मी हो म्हणाले की गप्प बसत. त्यांच्या आयुष्यात 'हो' म्हणणारे फार झाले होते.

नवीन माप आलं त्या दिवशी पाऊस उघडला होता. मामंजींनी फर्मावलं, "अर्ध्या इंचाचं पाणी तोल. साडेसत्तावीसचा निम्मा." पावणेचौदा तोळे. मी तपेलीत विहिरीचं पाणी थेंब थेंब घालून काटा सरळ केला. "आता नव्या मापात ओत. पन्नास सेंटांच्या रेघेला लागलं पाहिजे. आपण पाठवलेले सगळे आकडे खरे की खोटे, ते आता कळेल."

सासूबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्यांना गणित कळत नव्हतं, पण नवऱ्याचा चेहरा कळत होता. त्यांनी हळूच माझ्या दंडाला चिमटा काढला आणि कानात म्हणाल्या, "पन्नास म्हण हो."

मी माप गडग्यावर ठेवलं, खाली बसून डोळे पाण्याच्या पातळीला आणले. पाणी रेघेला लागलं नव्हतं. एक बारीक रेघ खाली होतं. मामंजी मान तिरकी करून ऐकत होते. पन्नास म्हणायला काय जात होतं? एका सेंटाने कुणाचं गाव बुडणार नव्हतं.

"एकोणपन्नास," मी म्हणाले.

सासूबाईंनी सुस्कारा टाकला. मामंजी हसायला लागले, खोकला येईपर्यंत. "तपेली बघ, आत ओली आहे ना? तुझा तो एक सेंट तिथे चिकटलाय." तपेली खरंच ओली होती. "आकडे खरे आहेत. सगळे खरे आहेत," ते म्हणाले. मग हसणं थांबवून त्यांनी मला पुढ्यात उभं केलं, चष्मा काढला आणि चेहरा उजेडाकडे धरला.

"आता हे वाच. माझ्या डोळ्यांत पांढरं किती आलंय?"

सासूबाई उठून आत गेल्या. मी जवळ जाऊन पाहिलं. आजवर त्यांच्या डोळ्यांकडे मी एवढं निरखून कधी पाहिलं नव्हतं.

"उजव्याची बाहुली पूर्ण पांढरी झालीय, मामंजी. डाव्याची निम्मी."

त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला.

"निम्मी," ते म्हणाले. "म्हणजे शून्य दशांश पाच अजून शिल्लक आहे. पुष्कळ आहे गो."