वैजूची रोपं आणि न्हाणीघराची कडी

शनिवार, ५ जुलै. पहाटे पुण्याहून निघालो. कोल्हापूरला इडली. गगनबावड्यावरून घाट उतरलो. दुपारी वैभववाडीच्या बाजारात चहा आणि भजी. संध्याकाळी मालवणजवळ, बाबलच्या घरी. वाटभर पाऊस. रोपं पाच, पाचही जिवंत.

हा ब्लॉग माझ्या बायकोचा, वैजूचा. ती लिहायची, मी गाडी चालवायचो, अशी आमची वाटणी होती. गेल्या ऑगस्टमध्ये ती गेली. त्यानंतर इथे काही आलं नाही. पण तिच्या शेवटच्या पोस्टखाली अजून लोक विचारतात, "ताई, त्या रोपांचं पुढे काय झालं?" म्हणून हे लिहितोय. मला तिच्यासारखं लिहिता येत नाही. रस्त्याची माहिती मात्र बरोबर असेल.

नव्या वाचकांसाठी थोडं मागचं. वैजूचं माहेर मालवणकडचं. तिथल्या शहराला ज्या तळ्याचं पाणी नळाला येतं, त्याच्या भोवतीच्या डोंगरावर पूर्वी कुणीतरी आकेशिया, म्हणजे ऑस्ट्रेलियन बाभूळ, लावून ठेवली. ती भराभर वाढली. तिच्याखाली गवतही धड उगवत नाही. पावसात माती सुटते आणि सरळ तळ्यात उतरते. आता गावची मंडळी दर पावसाळ्यात आकेशिया मुळासकट काढतात आणि तिथे मुळात होती ती झाडं लावतात. मागच्या वर्षी मे महिन्यात वैजूने तळ्याकाठून बिया आणल्या, दुधाच्या पिशव्यांत रुजवल्या, आणि "पुढच्या पावसात माझी रोपं तिथे लागणार," असं फोनवर सगळ्यांना सांगून मोकळी झाली. रोपं तिथे पोचवणं एवढंच माझ्याकडे उरलेलं काम होतं. ते मला नीट करायचं होतं.

दोन जांभळं, एक सुरंगी, एक उंडी आणि एक खैर. खैर सगळ्यांत उंच. वैजू होती तेव्हा त्याला चिंचेसारखी बारीक पानं होती. ती गेल्यावर नवी पानं आली ती लांब, चपटी, विळ्यासारखी वाकलेली. मला वाटलं, रोप वयात आलं. मागे मावेना म्हणून त्याला पुढच्या सीटवर बसवून पट्टा लावला. कराडजवळ पेट्रोल भरताना पंपावरचा माणूस आत डोकावून म्हणाला, "काका, पाव्हण्यांची काच जरा खाली करा. गुदमरतील."

पावसात जाणार असाल तर निघण्याआधी घाट चालू आहे का ते विचारून घ्या. दरड आली तर वळसा पडतो. वैभववाडीनंतर तळेरे, मग महामार्गाने कणकवली, आणि कसालला मालवणचा फाटा. ताज्या माशांच्या आशेने जुलैत जाऊ नका, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. बाबलकडे कुळथाची पिठी, भात आणि सुक्या बांगड्याचं किसमूर होतं. मी दोनदा भात घेतला.

बाबल हा वैजूचा चुलतभाऊ. घरच्या दोन खोल्या तो पर्यटकांना देतो. रविवारी सकाळी चहा देताना तो म्हणाला, "भावोजी, झाडां लावच्या आधी गाऱ्हाणा आसा. तुमचा काय आसला तर आत्ताच सांगा, आबांच्या कानार घालतंय."

मी आयुष्यभर बँकेत तक्रारींच्या टेबलावर होतो. गाऱ्हाणं म्हणजे तक्रार, दुसरा अर्थ मला ठाऊक नव्हता. तिच्या माहेरी आलो की देवळात वैजू जायची. मी गाडीला सावली शोधत बाहेर थांबायचो.

"नाही हो, माझी काही तक्रार नाही," मी म्हणालो. "सोय उत्तम आहे." तो वाट बघत उभाच राहिला. काहीच सांगितलं नाही तर त्याला बरं वाटणार नाही, असं वाटून मी म्हटलं, "फक्त न्हाणीघराची कडी लागत नाही."

बाबल गंभीर झाला. "बरां," म्हणाला आणि गेला.

तळ्यावर पंधरा-वीस माणसं जमली होती. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तशी फिलू टीचरची ताकीद आहे. "गर्दी इली की प्लास्टिक इला," असं त्या म्हणतात. टीचर म्हणजे फिलोमिना, शाळेतून निवृत्त झालेल्या, तळ्याच्या कामाच्या प्रमुख. हातात छत्री, पायात गमबूट. शाळेत वैजू त्यांच्याच हाताखाली शिकली होती.

आबा म्हणजे गावातर्फे देवाला गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, घालणारे म्हातारे. त्यांनी पानावर नारळ ठेवला, हात जोडले, आणि तळ्याकडे तोंड करून खड्या आवाजात सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां ह्या तळ्याच्या काठार जमली आसत. जी झाडां लावतीत ती जगान दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एकदम ओरडले. मी दचकलो.

"गुरांची तोंडां त्या झाडांका लागानत नाय असा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि पुण्यासून ह्ये आमचे भावोजी इले आसत, तेंच्या न्हाणीची कडी लागना नाय, ती लागान दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

टीचर तर छातीवर क्रॉसची खूण करता करता ओरडल्या. मी खाली चिखलाकडे बघत उभा राहिलो. आबा मात्र थांबले नाहीत.

"आणि आमची वैजू, जी आज हय नाय, तिच्या हातची रोपां इली आसत. ती तुझ्या पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळी मलाही म्हणायचं होतं. आवाज निघाला तोवर बाकीच्यांचं संपलं होतं. त्यामुळे माझं "व्हय म्हाराजा" एकट्याचंच आलं, आणि जरा मोठ्याने. कुणी हसलं नाही.

मग लावणी. जांभळं ओढ्याच्या तोंडाशी गेली, उंडी काठाजवळ, सुरंगी जरा वर. मी खैर घेऊन पुढे झालो. टीचरनी छत्री मिटली. एक पान बोटांत धरून बघितलं. मग बाबलकडे बघितलं. बाबलने आबांकडे.

"झाड बरां वाढलां हा, नाय टीचर?" बाबल घाईने म्हणाला.

"वाढतला मगे. तांच तर दुखणा आसा." त्या माझ्याकडे वळून शुद्ध मराठीत बोलू लागल्या, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. "हा खैर नाही. ही आकेशिया आहे."

मागे, कालच उपटलेल्या आकेशियाचा ढीग पडला होता. तीच विळ्यासारखी पानं. वर्षभर मी जिला पट्टा लावण्याइतकी मोठी केली ती ही.

"टीचर, एकच आसा," बाबल हळू म्हणाला. "खंयतरी कोपऱ्याक लावया. वैजूच्या हातचा."

"एक एक म्हणतच ह्यो डोंगर भरलो, बाबल."

"आबांनू, मगे देवाक इचारा."

"देवाक कित्याक?" आबा म्हणाले. "देव टीचरकच इचारतलो."

सगळे माझ्याकडे बघत होते. पाचही रोपं तळ्यावर लागावीत म्हणून मी इतका लांब आलो होतो. मी विचारलं, "उपटायची का?"

टीचर एकदम हसायला लागल्या. "अरे, दहावीक आसताना वैजून शेवग्याची फांदी हाडून माका गुलमोहर म्हणान दाखवल्यान! वर माकाच सांगता, टीचर, तुमी नीट बघूक नाय!"

हे मला ऐकू आलं, अगदी तिच्या आवाजात. हा खैरच आहे, हे तिने मला याच सुरात सांगितलं होतं. मला हसू आलं. मग ते आवरेना, आणि नंतर डोळे पुसायला चष्मा काढावा लागला. पाऊस होताच, त्यामुळे सोयीचं झालं.

निकाल टीचरनी दिला. आकेशिया पुण्याला परत जाईल, कुंडीत राहील, आणि शेंग धरली की मी ती तोडेन. "शेंग इली तर माका फोन करूचो," त्यांनी बजावलं. रिकाम्या खड्ड्यात त्यांनी स्वतःकडचा खैर लावला. खरा. माती मला ओढायला सांगितली.

बाबलकडे येऊन हातपाय धुवायला गेलो तर न्हाणीघराची कडी लागत होती. बाहेर बाबल स्क्रूड्रायव्हर पुसत उभा होता. "देवाक गाऱ्हाणा पोचला," म्हणाला.

जेवून निघालो. परतीचा रस्ता तोच, रात्री उशिरा पुणे. आकेशिया पुढच्या सीटवर, पट्टा लावून.

तर विचारणाऱ्यांसाठी उत्तर: चार रोपं लागली. पाचवं माझ्या बाल्कनीत आहे. शहराचं पाणी राखणाऱ्या झाडांत वैजूची चार आहेत, आणि तिची एक चूक माझ्याकडे. वाटणी मला मान्य आहे. तुम्ही जाणार असाल तर गमबूट न्या, आणि बिया गोळा करायच्या असतील तर आधी टीचरना दाखवा.

सोमवारी सकाळी पुण्यात, पाव्हण्यांच्या कुंडीला तांब्याभर पाणी घातलं. तळाशी आलेलं पाणी पुसलं, टॉवेल घेतला. गेलं वर्षभर मी न्हाणीघराचं दार नुसतंच लोटतो, घरात दुसरं कुणी नसतं. त्या दिवशी आत गेलो आणि कडी लावली.