निकानोरची शिट्टी

निकानोर कांतू दर शनिवारी दुपारी बाराला पट्ट्यात दोन बाटल्या खोचायचा, गळ्यात शिट्टी अडकवायचा आणि पेलिकान बारच्या दारात उभा राहायचा. मेक्सिकोतल्या आमच्या मातामोरोसात या कामाला वेगळं नाव नाही. पलीकडची पोरं त्याला शिट्टीवाला म्हणायची, मग आम्हीही तेच म्हणायला लागलो.

पलीकडे म्हणजे पुलापलीकडे, अमेरिकेतल्या ब्राउन्सव्हिलला. तिथं एकवीस पूर्ण झाल्याशिवाय बियरच्या बाटलीला हात लावता येत नाही. आमच्याकडे अठरा पुरतात. म्हणून पोरगं अठराचं झालं की गाडी पुलापाशी लावायची, चालत नदी ओलांडायची आणि शिट्टीवाल्याकडून वाढदिवस करून घ्यायचा, असा रिवाजच पडून गेला होता. पोराची मान मागं, तोंडात टकिलाची धार, आणि शिट्टी वाजतेय तोवर धार थांबायची नाही. मग तोंडावर टॉवेल दाबून डोकं गदागदा हलवायचं. यात कसली मजा ते मला आजवर कळलेलं नाही, पण मार्चच्या सुट्टीत पोरांची नुसती झुंबड उडायची.

निकानोरच्या दुसऱ्या बाटलीत मात्र दालचिनीचा चहा असायचा. रंग हुबेहूब टकिलाचा. टेबलापाशी गेला की तो आधी विचारायचा, "गाडी कोण चालवणार?" जो चालवणार त्याच्या तोंडात चहा ओतायचा आणि डोळा मारायचा. बहुतेक पोरं गुमान गिळायची. मालक चेमाला हे ठाऊक होतं. तो कुरकुरायचा, पण कारणही त्याला माहीत होतं.

कारण होतं हासिंतो, निकानोरच्या धाकट्या बहिणीचा नवरा. अकरा वर्षांपूर्वी तो असाच एका शनिवारी आला होता. निकानोरनं लाडात येऊन त्याच्यासाठी लांबलचक शिट्टी वाजवली, दोनदा. पूल ओलांडून हासिंतो गाडीत बसला आणि घरापासून हाकेच्या अंतरावर गाडीसकट कालव्यात गेला. पुरण्याच्या वेळी ओरालिया भावाला एवढंच म्हणाली, "तू वाजवलीस." त्यानंतर ती कधी पुलाच्या अलीकडे आली नाही. निकानोरच्या पलीकडे जायच्या परवाना-कार्डाची मुदत संपली, ते त्यानं नव्यानं काढलं नाही. जायचं कुणाकडे?

तेव्हा ओरालियाचा एफ्रेन सात वर्षांचा होता. बाप्तिस्म्याला त्याला मांडीवर घेतलं होतं ते निकानोरनंच, त्यामुळे जन्मतारीख त्याच्या डोक्यात पक्की होती. दहा मार्च. यंदा अठरा. पोरगा येणार, आज ना उद्या याच दारातून येणार, आणि गाडी घेऊनच येणार. मार्च उजाडल्यापासून निकानोरच्या पायाला थारा नव्हता. दारातून आत, आतून दारात. येणाऱ्या प्रत्येक पोराचं तोंड निरखायचा.

"अरे, बस की जरा," चेमा म्हणायचा. "गिऱ्हाइकांना वाटतंय, तू पोलिसांची वाट बघतोयस."

चौदा तारखेला दुपारी चारला पाच पोरं आली. पुढचा आत चालत आला आणि निकानोर दारातच थबकला. तीच हासिंतोची खांदा पाडून चालायची ढब. कमरेला पितळी बैलाचं मुंडकं लोंबत होतं, किल्लीसकट. ते निकानोरनंच माँतेर्रेहून मेव्हण्यासाठी आणलं होतं.

आपण कोण ते सांगावं का? पण आईनं या मामाबद्दल काय सांगून ठेवलं असेल कोण जाणे. पोरगा तसाच उठून जाईल, किल्लीसकट. निकानोर शेजारचं टेबल पुसायला लागला. तेवढ्यात एफ्रेनच्या तीन बियर संपल्यासुद्धा.

"शिट्टीवाले, इकडं! मंगळवारी याचा वाढदिवस झाला!"

"गाडी कोण चालवणार?"

पोरांनी एका चष्मेवाल्याकडे बोट दाखवलं. चष्मेवाला खाली बघत हसला. याला सायकल तरी येत असेल का, असं निकानोरच्या मनात आलं. त्यानं एफ्रेनची मान मागं घेतली आणि चहाची बाटली उलटी केली.

एफ्रेन फुर्रकन थुंकला. "चहा? ए म्हाताऱ्या, मी काय आजारी आहे? खरी ओत!"

पोरं खिदळली. निकानोरनं टकिलाची बाटली काढली, शिट्टीची नुसती एक फुंकर मारली, चमचाभर धार सोडली आणि टॉवेल दाबून डोकं हलवायला लागला. नेहमीपेक्षा जास्त वेळ हलवलं. टॉवेल बाजूला झाला तेव्हा किल्ली त्याच्या ॲप्रनच्या खिशात होती.

साडेपाचला पोरं उठली आणि शोधाशोध सुरू झाली. टेबलाखाली, संडासात, एकमेकांच्या खिशांत.

"आईकडे दुसरी किल्ली असेल ना?" चष्मेवाला म्हणाला.

"आईला वाटतंय, मी सिनेमाला गेलोय. ती मला सोलून काढेल!"

पण इलाज नव्हता. एफ्रेननं गल्ल्याजवळचा फोन उचलला. निकानोर दोन हातांच्या अंतरावर उभा होता. "आई, किल्ली हरवली... सिनेमाला नाही, मातामोरोसात... पेलिकानमध्ये."  फोनमधून ओरालियाचा आवाज निकानोरलाही ऐकू गेला, इतका तो मोठा होता. "तिथंच थांब. हलू नकोस."

ती येणार होती.  किल्ली टेबलाखाली टाकली की मिटलं, तिला यावंही लागणार नाही. निकानोरनं दोनदा खिशात हात घातला आणि दोनदा रिकामा बाहेर काढला.

पाऊण तासानं ओरालिया आली. पायात घरातल्या चपला, केस पिकलेले. तिनं भावाकडे पाहिलंही नाही. सरळ पोराच्या तोंडाचा वास घेतला.

"किती?"

"तीन बियर. शप्पथ! आणि हा म्हातारा तर चोर आहे. टकिला म्हणून चहा पाजतो!"

आता ओरालियानं मान वळवली. निकानोरनं पितळी बैल टेबलावर ठेवला. ती बैलाकडे बघत राहिली. मग हात पुढं करून तिनं त्याच्या पट्ट्यातली बाटली ओढली, हुंगली आणि चहाचा एक घोट घेतला.

"हे कधीपासून?"

"हासिंतो गेला त्याच्या पुढच्या शनिवारपासून," निकानोर म्हणाला. 

"सगळ्यांना?"

"गाडी चालवणाऱ्यांना."

एफ्रेन दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. "आई, तू याला ओळखतेस?"

"मामा आहे तुझा," ती म्हणाली. "चोर म्हणालास ना? माफी माग."

 ओरालियानं किल्ली उचलली, मग निकानोरच्या गळ्यातली दोरी धरून शिट्टी काढली आणि स्वतःच्या खिशात टाकली. निकानोरनं मान खाली घालून ती काढू दिली.

"हवी असेल तर घरी ये न्यायला," ती म्हणाली आणि पोरांना पुढं घालून पुलाकडे चालायला लागली.

मागून कुणीतरी ओरडलं, "शिट्टीवाले, इकडं वाढदिवस आहे!" चेमानं गल्ल्यातून नवी शिट्टी काढून पुढं धरली. निकानोरनं ती घेतली नाही.

सोमवारी सकाळी तो कार्डाच्या रांगेत उभा होता. अर्जात पलीकडे जाण्याचं कारण लिहायचं होतं. त्यानं लिहिलं, बहिणीकडे.