नदीकाठावरून हद्दपार झालेला नवरा

आमच्या गल्लीत सध्या अशी बातमी आहे की वाघूळवहिनींनी नवऱ्याला टाकलं. संध्याकाळी त्या नदीकाठच्या झुडपांत एकट्या उभ्या असतात आणि नवरा लांब रस्त्याच्या दिव्याखाली मांडीवर थर्मास घेऊन बसतो, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. ही बातमी पसरवण्यात माझाही हातभार असल्याने दुरुस्ती मलाच करायला हवी. टाकलेलं नाही, फक्त लांब ठेवलंय. आणि भांडण नवऱ्याशी नाही, त्याच्या कमरेच्या जुडग्याशी आहे.

वहिनी माझ्या समोरच्या दारात राहतात. नदी कार्यालयात कंत्राटावर वटवाघळं मोजतात. हसू नका, माझं हसून झालंय. वटवाघळाची हाक आपल्या कानांना ऐकू येत नाही, म्हणून त्यांच्याकडे एक यंत्र आहे. ते हाक पकडतं, टिकटिक करून ऐकवतं आणि साठवून ठेवतं. नदीत जीव असला की किडे, किडे असले की वटवाघळं. त्यामुळे कोणता काठ कसा सुधारायचा हे कार्यालय वटवाघळांना विचारतं, आणि त्यांच्या वतीने वहिनी बोलतात. भरपूर बोलतात.

आमच्या गल्लीमागचा काठ म्हणजे नुसतं काँक्रीट आणि वर झगझगीत दिवे. वहिनींनी कार्यालयाचा पिच्छा पुरवून काँक्रीट उखडायला लावलं, झाडं-झुडपं लावून घेतली, दिवे बंद करवले. गल्ली खवळली. "अंधारात पाय मुरगळला तर वटवाघळं उचलून नेणार का?" हे विचारणारा मीच. कार्यालयानेही अट घातली. हंगाम संपेपर्यंत वटवाघळं परत आली तर अशीच झाडं पार पुलापर्यंत. नाही आली तर पुन्हा काँक्रीट, पुन्हा दिवे. वहिनींचा शब्द पणाला लागला.

सुरुवातीला यंत्र जवळजवळ मुकंच. मग नवरा सोबतीला येऊ लागला. हे गृहस्थ कुलपं दुरुस्त करतात, डुप्लिकेट किल्ल्या बनवतात. दुकान बंद केलं की चहाचा थर्मास घेऊन थेट नदीवर. आणि काय सांगू, ते आले की यंत्र टिकटिकायला लागायचं! वहिनी खुलल्या. "तुमचा पायगुण चांगला हो," असं म्हणाल्या, आणि तो माणूस कितीतरी दिवस छाती काढून फिरत होता.

एका संध्याकाळी मी कट्ट्यावर बसून त्यांच्याच थर्मासमधला चहा पीत होतो. उजेड अजून पुरता गेला नव्हता. यंत्र जोरात होतं, आणि वहिनी वर बघत होत्या. आकाश मोकळं, एक वटवाघूळ नाही.

"अहो, जरा उभे राहा."

उभे राहिले. टिकटिक.

"आता हलू नका."

यंत्र गप्प.

"आता चालून दाखवा."

टिकटिक, टिकटिक.

"लग्नाआधीसुद्धा मला कोणी असं चालवून पाहिलं नव्हतं," किल्लीवाले लाजून म्हणाले.

वहिनींनी त्यांच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून घेतला आणि यंत्रासमोर हलवला. टिकटिक! किल्ल्या एकमेकींवर घासल्या की आपल्याला ऐकू येते त्याहूनही बारीक किणकिण होते, आणि यंत्राला ती वटवाघळाची वाटते.

"म्हणजे मी रोज यायचो, ते..."

"ते गोड होतं," वहिनी म्हणाल्या, "पण ते वटवाघूळ नव्हतं."

जुडगा घरी ठेवा म्हटलं तर ते ऐकेनात. "लोकांच्या घरांच्या किल्ल्या आहेत. खुंटीला टांगून हवा खायला येऊ?" आणि एका जागी स्वस्थ बसणं त्यांच्या रक्तात नाही. म्हणून ही हद्दपारी.

मग वहिनींनी साठवलेला सगळा आवाज पुन्हा ऐकायला घेतला. हेडफोन लावून जिन्यात बसायच्या. मी बोलायला गेलो की नुसता हात वर. वटवाघूळ किड्यावर झडप घालतं तेव्हा त्याच्या हाका एकदम दाट होत जातात, किल्ल्यांना ते साधत नाही. असं निवडता निवडता ढीगभर किल्ल्या गेल्या आणि मूठभर वटवाघळं उरली. पण खरी, आणि सगळी नव्या झुडपांवरची. तेवढीच त्यांनी कार्यालयात नेली, वर किल्ल्यांची गोष्टही स्वतःच्या तोंडाने सांगितली. साहेब पोट धरून हसले म्हणे. झाडं राहिली, दिवेही बंदच राहिले. पुलापर्यंतचं काम मात्र साहेबांनी पुढच्या हंगामावर ढकललं. एवढ्याशा वटवाघळांवर इतका खर्च नको, म्हणाले.

काल त्या जिन्यात भेटल्या. यंत्र खांद्याला, आणि मागे बरंच अंतर राखून नवरा, थर्मास सांभाळत. मला राहवेना.

"वहिनी, किल्ल्यांचं कुणाला सांगितलं नसतं तर आत्ता पुलापर्यंत झाडं लागली असती. नवराही शेजारी बसला असता."

वहिनी पायरीवर थांबल्या.

"लागली असती की, भावोजी. आणि मग त्या झाडांना लटकलं काय असतं, किल्ल्या?"