पत्रिकेचा मान

आमच्या सिडकोतल्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक काका राहतात. लग्नपत्रिका हातात आली की ते आधी पाकिटावरचं आपलं नाव तपासतात. पुढं 'सहकुटुंब' लिहायचं राहिलं असेल तर महिनाभर धुसफुसतात. लग्न मात्र एकही चुकवत नाहीत.

परवा अनोळखी नंबरवरून त्यांना 'लग्नपत्रिका' नावाची फाईल आली. ती पत्रिका नव्हतीच, ॲप होतं. हे ॲप बाहेरचं आहे, धोक्याचं आहे, असं फोननं स्पष्ट बजावलं. काका माझ्यासमोर फोनवरच खेकसले, "लग्नाच्या आवतनात कसला आलाय धोका? मला शिकवतो व्हय?" मी थांबा म्हणेपर्यंत त्यांनी सगळ्या परवानग्या देऊन टाकल्या.

तासाभरात तीच फाईल त्यांच्या नंबरवरून आपोआप बिल्डिंगभर गेली. काका कुणाला जेवायला घालतील यावर आमचा विश्वास नाही, म्हणून आम्ही ती उघडली नाही. उघडली ती इस्त्रीवाल्या मावशींनी, काकांच्या घरचं कार्य समजून. मावशींचं बँकेतलं होतं नव्हतं ते गेलं.

मावशी काकांच्या दारात रडत उभ्या होत्या. काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "हिनं उघडायचीच कशाला? हिला मी लग्नाला बोलावलं असतं व्हय?"