कूलरसमोरचे इंजिन

जळगावला अभियांत्रिकीची पदवी घेऊन मी धुळ्याच्या एका इंजिन दुरुस्ती वर्कशॉपच्या चाचणी विभागात लागले, ते नव्वदच्या आसपास. मला पुढे संशोधनाकडे वळायचे होते आणि त्यासाठी डायनॅमोमीटरवरचा, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचा, अनुभव हवा होता.

काम सरळ होते. इंजिन चौकटीवर बसवून त्याचा दांडा डायनॅमोमीटरला जोडायचा. आतले पाणी फिरण्याला विरोध करते, बाजूची भुजा वजनकाट्यावर दाब देते. तो दाब आणि फेरे यांवरून ताकद निघते. शेवटी एक सुधारणा करावी लागते. तापलेल्या विरळ हवेत इंजिन कमी ताकद देते, म्हणून खोलीचे तापमान पाहून आकडा प्रमाण हवेच्या हिशोबाने वाढवतात. खानदेशातल्या मे महिन्यात ही वाढ चांगलीच भरते.

अशाच एका मे महिन्यात यावलची केळी इंदूरकडे नेणाऱ्या ट्रकचे शेठ आले, बरोबर शिंदखेड्याकडचा त्यांचा वयस्क ड्रायव्हर. आमच्याकडेच दुरुस्त झालेले इंजिन शिरपूरच्या पुढच्या घाटात दम टाकत होते; शेठच्या मते चूक ड्रायव्हरच्या चालवण्याची. आमच्या विभागाच्या साहेबांनी पुन्हा चाचणी लावली. आकडा काठावर, पण पास.

"आता बोल नाना! मशीन खोटं बोलतं का?" शेठ ड्रायव्हरला म्हणाले.

"मशीननं मले माहीत नही शेठ. मना पाय तोच शे, घाट तोच शे. दम इंजिननाच कमी शे." ड्रायव्हर आपल्या अहिराणीत म्हणाला.

"मशीनपेक्षा शहाणा झाला हा!"

सगळे हसले. ड्रायव्हर तडकला. "मंग तुम्हीच चढाई दखाडा!"

हसणे थांबले. "उद्या इंजिन न्यायला येतो," शेठ साहेबांना म्हणाले, "येताना दुसरा ड्रायव्हर आणतो."

ते गेल्यावर चहा आला आणि सवयीप्रमाणे जो तो खुर्ची ओढत खिडकीतल्या कूलरपुढे सरकला. मीही सरकले. ओल्या वाळ्याचा गार झोत आमच्या अंगावरून थेट इंजिनाच्या एअर फिल्टरवर जात होता. थर्मामीटर मात्र समोरच्या पत्र्याच्या दाराशी, रणरणत्या झळांत टांगलेला. म्हणजे इंजिन गार हवा ओढत होते आणि आम्ही त्याला तापलेल्या हवेची सवलत देत होतो.

"कूलर बंद करून आणि थर्मामीटर फिल्टरपाशी लावून पुन्हा मोजू," मी म्हटले.

"ताई, कूलर बंद केला तर आधी आमचंच इंजिन बसेल," साहेब हसत म्हणाले. मी कारण सांगितले तेव्हा ते गंभीर झाले. "आणि या उन्हाळ्यात पास करून दिलेल्या इंजिनांचं काय सांगायचं लोकांना?"

मी एवढेच म्हटले की या इंजिनावर एका माणसाची नोकरी अडली आहे. त्यांनी नाइलाजाने मान हलवली. सकाळी घामाने निथळत आम्ही मोजले. इंजिन नापास झाले.

शेठ आल्यावर मी स्वतः त्यांना कागद दाखवून सगळे समजावले. त्यांनी शांतपणे ऐकले, इंजिन पुन्हा उघडायला सांगितले, साहेबांना चार शब्द सुनावले. मग मी ड्रायव्हरचे विचारले.

"इंजिनचं कळलं ताई. पण चार माणसांत उलटून बोलला, ते कोणत्या मशीनवर मोजता?"

एवढे म्हणून ते नव्या ड्रायव्हरला घेऊन निघून गेले. नाना फाटकाशी उभा होता, केबिनमधली वळकटी काखेत. मी नवा निकाल सांगितला तेव्हा तो खुलला, पण क्षणभरच.

"ताई, हाऊ कागद दुसरा शेठले दखाडू का?"

कागदावर इंजिनाचा क्रमांक होता, आकडे होते, माझी सही होती. तो ट्रक कोण चालवत होते, हे त्यावर कुठेच नव्हते. तशी जागाच त्या कागदावर नसते. तरीही मी त्याला एक प्रत दिली, कारण देण्यासारखे माझ्याजवळ दुसरे काही नव्हते.