घसा खाजल्याचा अभिप्राय

आमच्या छायाच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ती स्वतः बसत नाही, आणि दुसऱ्यालाही बसू देत नाही. मी जगदीश, तिचा नवरा. कर्जतला झेरॉक्सचं दुकान चालवतो. गेल्या वर्षी तिने रानभाज्यांचं पुस्तक काढलं, ते टाइप मीच केलं. वाचकांचे कौतुकाचे अभिप्राय निवडून पत्रक छापायची अक्कलही माझीच. ‘आईच्या हातची चव आठवली’, ‘घरोघरी हवं असं पुस्तक’, वगैरे. पुढल्या आठवड्यात रानभाजी महोत्सव होता. तिथे पत्रक वाटायचं, पुस्तकं खपवायची, झालं!

तेवढ्यात ऑनलाइन एक अभिप्राय पडला. पाचपैकी एक तारा. शेलूच्या कुणा सुरभीने लिहिलं होतं, ‘पुस्तकात बघून शेवळाची भाजी केली. सगळ्या घराचे घसे खाजले. सासूबाई आता माझ्या हातचं खायला घाबरतात.’

छायाने पुस्तक उघडून ती कृती दोनदा वाचली. शेवळाच्या कोंबांत काकडाच्या झाडाची आंबट फळं घालावी लागतात, नाहीतर घसा खाजतो. तेच लिहायचं राहिलं होतं! तिला या भाज्या शिकवल्या ठाकरवाडीतल्या चिंधीमावशीने. तिच्याकडे धावली, तर मावशी म्हणते, “आगं, काकड तर घालतातच. ते काय सांगायचं आसतं व्हय?”

त्या दिवसापासून बाईचा पाय घरात ठरेना. चहा गॅसवर, ही दारात. दारातून परत मोबाइलकडे. दोनदा दूध उतू गेलं. मी वैतागलो.

“तिला फोन कर, गोड बोल, अभिप्राय काढायला लाव. महोत्सव तोंडावर आलाय. कुणी वाचलं तर एक प्रत खपायची नाय.”

“आणि ज्या खपल्या त्यांचं काय हो?”

शेवटी काकडं पिशवीत घेऊन माझ्या बाइकवर बसली. शेलूत विचारत विचारत सुरभीचं घर गाठलं. सुरभी बिचारी दारातच ओशाळली. “काकू, रागाच्या भरात लिहिलं मी. आत्ता काढून टाकते.” तिने मोबाइल उचलला. मला हुश्श झालं. पण छायाने तिचा हात धरला.

“नको काढूस गं. खाली फक्त काकडाचं लिही. आणि तारा एकच राहू दे. कौतुक कोण वाचतं?”

मी कपाळावर हात मारला. घरी येऊन तिने पत्रकही बदलायला लावलं. वर सुरभीची तक्रार, खाली ठळक अक्षरात ‘चूक माझी. शेवळात काकड घाला’, आणि स्वतःचा नंबर. कौतुक सगळं मागच्या बाजूला. “स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतेस,” मी ओरडलो. छापलं मात्र मीच.

महोत्सवात लोक पत्रक वाचायचे आणि पुस्तक खाली ठेवायचे. माझा नुसता जळफळाट होत होता. ती मात्र येईल त्याच्या हातात पत्रक कोंबत होती.

दुसऱ्या दिवशी चौक गावाहून एका बाईचा फोन आला. परभणीकडून लग्न होऊन आलेली. पत्रकाचा फोटो तिला कुणीतरी पाठवला होता.

“ताई, मागच्या वर्षी तुमचंच पुस्तक बघून शेवळं केली, तर माझ्या पोरांचे बी घसे खाजले होते. कुणाला बोलले नाही मी. सासरचे म्हणले, हिला कायच येत नाही. मलाबी तसंच वाटलं. मी परत शेवळं केलीच नाहीत.”

छायाला हुंदका आवरेना. “तुमचं नव्हतं हो चुकलं,” एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.